अजून थोडं वाढवा, मॅडम

गुरुवारी आमच्या तळवड्यात कुणाचं काही दुखत नाही. गुरुवार हा या पट्ट्यातल्या कारखान्यांच्या सुट्टीचा वार, आणि महावितरणचाही देखभाल-दुरुस्तीचा लाडका वार. सकाळी लाइट जाते, ती कधी दुपारी येते, कधी दिवेलागणीला. लाइट नाही म्हणजे करंट नाही, आणि करंट नाही म्हणजे फिजिओथेरपीला जाण्यात अर्थ नाही, असा इथला सरळ हिशेब. शुक्रवारी मात्र दवाखान्याबाहेर चपलांचा एवढा ढीग पडतो, की रात्रीत गावातले सगळे खांदे आणि गुडघे एकदम निकामी झाले असावेत.

दवाखाना म्हणजे एक गाळा. डावीकडे मोबाइल दुरुस्ती, उजवीकडे पिठाची गिरणी. त्यामुळे आत पडलेल्या माणसाच्या अंगात जी थरथर होते तिच्यात मशीनचा वाटा किती आणि गिरणीचा किती, हे सांगणं अवघड. हिरव्या पडद्यांनी पाडलेले तीन कप्पे, प्रत्येकात एक बेड, आणि या कप्प्यातून त्या कप्प्यात ट्रॉलीवरून फिरणारं एक मशीन. मॅडमनी साडेचार वर्षांची पदवी घेतली आहे. हाडं, स्नायू, नसा, मेंदू, माणूस चालतो कसा आणि पडतो कसा, सगळं शिकून झालंय. लोक त्यांना ‘शेकवाल्या मॅडम’ म्हणतात. ‘करंट घेऊन येतो’ असं घरी सांगून निघणारे पुष्कळ. ‘व्यायाम करून येतो’ असं सांगून निघालेला माणूस मी अजून पाहिलेला नाही.

पेशंटची कमतरता तळवड्यात पडायची नाही, गावाची रचनाच तशी आहे. एका अंगाला ज्योतिबानगर : प्रेसशॉप, पावडर कोटिंग, फॅब्रिकेशन, सगळ्या शेडच शेड. दुसऱ्या अंगाला आयटी पार्कच्या काचेच्या इमारती. मधे कॅनबे चौक. कॅनबे नावाची कंपनी २००७ साली कॅपजेमिनीनं घेतली. कंपनीच्या पाटीवरून नाव गेलं, चौकाला चिकटलं ते चिकटलंच. संध्याकाळी शिफ्ट सुटताना या चौकात क्लच दाबून उभं राहिलेलं डावं मनगट आज ना उद्या मॅडमच्या टेबलावर येतंच. आणि जरा पुढे गेलं की देहू.

त्यामुळे प्लास्टिकच्या खुर्च्यांवर शेजारी शेजारी बसतात ते असे : तीन शिफ्टमध्ये पत्रा उचलून खांदा धरलेला प्रेस ऑपरेटर, माऊस धरून मनगट गेलेला आयटीवाला पोरगा, आणि तुकोबांच्या पालखीबरोबर दर वर्षी पंढरपूर गाठणाऱ्या, पण घराचा जिना चढताना ‘पांडुरंगा’ म्हणणाऱ्या देहूच्या आजी. मी या तिघांच्या मधला. एका छोट्या कंपनीत क्वालिटीला आहे. व्हर्निअर, मायक्रोमीटर आणि रिजेक्ट मालाचे क्रेट हाताळून माझं उजवं कोपर बाहेरच्या बाजूनं दुखतं. पाण्याचा तांब्या उचलताना कळ येते. बायकोला हे कारण पटत नाही, कारण चहाचा कप उचलताना कळ येत नाही.

आमच्या धंद्यात मोजमाप नसेल तर माल पुढे सरकत नाही. म्हणून मॅडमचा पहिलाच प्रश्न ऐकून मला बरं वाटलं होतं : “शून्य म्हणजे अजिबात नाही, दहा म्हणजे सहनच होत नाही. तुमचं किती?” जगभर दुखणं असंच मोजतात म्हणे. पण हे गेज कॅलिब्रेट कोण करतं? प्रेस ऑपरेटर कधीही या, आठ सांगतो. खांदा वर जायला लागला तरी आठ. आयटीवाला ‘सहा पॉइंट पाच’ म्हणतो. आजी म्हणतात, “दहातले किती ते तूच घाल बाई, मला एवढं शिक्षण नाही.” ऑपरेटरच्या आठाचं रहस्य मला त्यानंच सांगितलं. चारच्या खाली आलं की मॅडम मशीन काढतात आणि हातात रबराचा पट्टा देतात. तो पट्टा दाराच्या कडीला अडकवून ओढायचा असतो. मशीनखाली झोपता येतं, पट्ट्याखाली येत नाही. आठ हा आकडा वेदनेचा नाही, वाटाघाटीचा आहे.

आता मशीन. ओल्या स्पंजाचे किंवा जेल लावलेले रबरी पॅड दुखऱ्या भागाच्या दोन्ही बाजूंना बसवायचे, वर पट्टा आवळायचा, आणि मॅडम बटण फिरवू लागतात. “जाणवलं की सांगा.” आधी काहीच नसतं. मग मुंग्या. मग मुंग्यांचं वारूळ. इथं ‘बास’ म्हणायचं असतं. मुंग्या चांगल्या जाणवाव्यात, पण टोचू नये, एवढंच अपेक्षित असतं. पण पडद्यापलीकडे दुसरा पुरुष असेल तर तळवड्यात कुणी ‘बास’ म्हणत नाही.

“अजून थोडं वाढवा, मॅडम.”

“काका, पुरे झालं.”

“वाढवा हो. काल माझं पस्तीसला गेलं होतं.”

पलीकडून लातूरकडचा आवाज येतो, “माझं चाळीसला बी काय लागंना गेलंय.”

पस्तीस काय आणि चाळीस काय, दोघांनाही माहीत नाही. पण आकडा मोठा म्हणजे इलाज मोठा. ओव्हरटाइमचा हिशेब ज्याच्या अंगात मुरला त्याला कमी करंट म्हणजे कापलेला पगार वाटतो. दोघांच्या बाजूनं एवढं म्हणता येईल, की शरीराला करंटची खरंच सवय होते. पाच मिनिटांपूर्वी झिणझिणणारी मात्रा नंतर जाणवेनाशी होते, आणि फिजिओथेरपिस्ट ती थोडी वाढवतातही. फक्त चढाओढीसाठी नाही.

आयटीवाला पोरगा मात्र आकड्याच्या मुळाशी जातो. आमच्या मशीनला आयएफटी म्हणतात, हे त्यानंच मला सांगितलं. विसाव्या शतकाच्या मध्यावर व्हिएन्नाच्या हान्स नेमेक यांनी ही युक्ती पुढे आणली. एक करंट सेकंदाला ४००० कंपनांचा, दुसरा ४१०० चा. चार पॅड लावून दोन्ही एकमेकांना छेद देत सोडायचे. एवढ्या वेगाच्या कंपनांना कातडी फारशी अडवत नाही. आत दोघांची गाठ पडते आणि नसांना जाणवतो तो फरक, १०० चा. म्हणजे दोन पाहुणे आपल्या कोपरात येऊन भांडतात आणि त्यांच्या भांडणानं आपल्याला बरं वाटतं. त्याचा धाकटा भाऊ टेन्स, खिशात मावणारा, छोट्या बॅटरीवर चालणारा. गुरुवारीही चालतो. पण टेन्सला आमच्याकडे मान नाही. एवढ्याशा डबीत काय करंट असणार?

बरं का वाटतं, याचं उत्तर १९६५ साली रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल या दोघांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात दिलं, आणि ते ऐकल्यावर मला वाटलं की हे दोघे कधीतरी आमच्या कंपनीच्या गेटवर उभे राहून गेले असावेत. त्यांचं म्हणणं, पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूत एक गेट असतं. वेदना आणणाऱ्या बारीक, संथ नसा या गेटातून मेंदूकडे जातात. स्पर्श, दाब, मुंग्या आणणाऱ्या नसा जाड आणि वेगवान. फर्स्ट शिफ्टची गर्दी कार्ड दाखवत एकदम गेटात घुसते तेव्हा वॉचमन बाहेर ताटकळलेल्या वसुलीवाल्याला आत सोडत नाही. त्याची नोंदच होत नाही, मालकाला तो आला होता हे कळतही नाही. करंटच्या मुंग्या म्हणजे ती फर्स्ट शिफ्ट. वसुलीवाला गेलेला नसतो, बाहेरच असतो. गर्दी ओसरली की परत बेल वाजवतो. या गेटाच्या बारकाव्यांत पुढे पुष्कळ दुरुस्त्या झाल्या, पण गेट आहे हे टिकलं.

दोन वर्षांनी, १९६७ मध्ये, वॉल यांनी विल्यम स्वीट या शल्यविशारदाबरोबर प्रयोग केला. आधी स्वतःच्याच चेहऱ्यातल्या नसांना करंट देऊन पाहिला, हे मला विशेष आवडलं; आमच्याकडे नवा गेज आधी हेल्परच्या हाती देतात. मग दीर्घकाळ त्वचेच्या तीव्र वेदनेनं बेजार झालेल्या आठ पेशंटच्या नसांना सेकंदाला १०० वेळा बारीक करंट दिला. नसेचाच आजार असलेल्या चौघांना दोन मिनिटांच्या करंटनं अर्ध्या तासाहून जास्त आराम पडला. आज तळवड्यात आणि टोकियोत जे पॅड लागतात त्यांचं मूळ या चार माणसांत आहे.

तसं अधिक खोल खणलं तर मूळ माशात सापडतं. पहिल्या शतकात रोममध्ये स्क्रिबोनियस लार्गस नावाचा वैद्य होता. त्याचा पायाच्या सांधेदुखीवरचा इलाज असा : समुद्रकाठच्या ओल्या वाळूत उभं राहायचं, विजेचा धक्का देणारा जिवंत टॉर्पेडो मासा पायाखाली घ्यायचा, आणि गुडघ्यापर्यंत पाय बधिर होईतो तसंच थांबायचं. सम्राट टायबेरियसच्या पदरी असलेला अँटेरोस नावाचा मुक्त केलेला गुलाम असाच बरा झाला, असं त्यानं लिहून ठेवलंय. आजींना मी हे सांगितलं. त्या म्हणाल्या, “आमच्या डोहात मासे होते, पण गुणाचे होते.” इंद्रायणीत हल्ली माशांपेक्षा फेसाचीच चर्चा जास्त, त्यामुळे मी तो विषय वाढवला नाही.

अठराव्या शतकात विजेचं यंत्र आलं आणि सगळ्या जगाला करंट घ्यायची हौस आली. मेथडिस्ट पंथाचे संस्थापक जॉन वेस्ली लंडनमध्ये गोरगरिबांना फुकट करंट देत आणि १७६० मध्ये त्यांनी त्यावर पुस्तकही काढलं. पण माझा माणूस बेंजामिन फ्रँकलिन. लोक त्याच्याकडे लांबून लांबून अर्धांगवायूचे पेशंट घेऊन येत आणि तो त्यांना विजेचे झटके देई. काही दिवस हातपाय हलके वाटत, पेशंट खूश होत, मग सुधारणा थांबे, पेशंट कंटाळून घरी जात आणि पुन्हा होते तसे होत. १७५७ च्या डिसेंबरात त्यानं हे सगळं एका पत्रात प्रामाणिकपणे लिहिलं. कायमचा फायदा झालेला एकही पेशंट आपण पाहिला नाही, असं त्यानं कबूल केलं. आणि वर शंका काढली, की जो थोडा तात्पुरता फायदा दिसला त्यात विजेचा वाटा किती, आणि रोज माझ्या घरापर्यंत येण्याजाण्यात जो व्यायाम झाला त्याचा, आणि बरं होऊ या आशेनं आलेल्या उभारीचा वाटा किती, हे मला सांगता यायचं नाही.

क्वालिटीच्या माणसाला असा रिपोर्ट वाचून भरून येतं. यंत्र आपलं, पेशंट आपले, कीर्ती आपली, आणि तरी शेरा ‘संशयास्पद, होल्डवर ठेवा’.

फ्रँकलिनची शंका अमेरिकेतच १९९० साली नीट तपासली गेली. कंबरेच्या जुन्या दुखण्याचे १४५ पेशंट. काहींना खरं टेन्स, काहींना हुबेहूब तसंच दिसणारं पण करंट न देणारं खोटं यंत्र. काहींना वर स्ट्रेचिंगचे व्यायाम, काहींना नाही. महिन्यानं पाहिलं तर खऱ्या आणि खोट्या यंत्रात म्हणावा असा फरक नाही. व्यायाम करणाऱ्यांचं दुखणं मात्र कमी झालेलं. इथपर्यंत मॅडम हा अभ्यास भिंतीवर लावायला तयार होत्या. पुढचं वाचून त्यांनी विचार बदलला. आणखी दोन महिन्यांनी बहुतेकांनी व्यायाम सोडून दिला होता आणि फायदाही त्याच्याबरोबर गेला होता. ते लोक तळवड्याचे नव्हते, एवढाच काय तो फरक.

करंटवर अन्याय नको, म्हणून दुसरी बाजूही सांगतो. २०२२ साली टेन्सच्या ३८१ चाचण्या एकत्र करून पाहिल्या गेल्या. पॅड लावलेले असताना आणि काढल्यावर लगेच, खोट्या यंत्राच्या तुलनेत दुखणं खरंच कमी होतं, असा बऱ्यापैकी भरवशाचा निष्कर्ष निघाला. उलट ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेनं २०२१ मध्ये विशिष्ट कारण न सापडणाऱ्या जुनाट दुखण्यासाठी टेन्स आणि आयएफटी देऊच नका, व्यायामाकडे वळवा, असं सांगितलं. दोन्ही वाचून मी आमच्या पद्धतीनं एक शेरा तयार केला : माल खरा आहे, पण वॉरंटी फार थोडी.

आणि जिथं करंट नुसता गुदगुल्या करत नाही, स्नायू हलवतो, तिथं त्याची नोकरी पक्की आहे. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर मांडीचा स्नायू रुसतो, हुकूम पाळत नाही. करंट त्याला आकुंचन पावायला लावतो. पक्षाघातानंतर पाऊल लोंबतं, त्यासाठी टाचेखाली बटण ठेवून पाऊल उचललं की नस चेतवणारं यंत्र लिबरसन यांनी १९६१ मध्येच करून दाखवलं. आपल्याकडे फिजिओथेरपीचं पहिलं विद्यालय पन्नाशीच्या दशकात मुंबईच्या केईएम रुग्णालयात जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीनं निघालं, ते काही लोकांना शेक देण्यासाठी नाही. हात-पाय पुन्हा कामाला लावण्यासाठी.

हे मॅडमना अर्थातच माझ्याआधी माहीत आहे. मी एकदा विचारलं, मग एवढं करंट कशाला लावता? त्या म्हणाल्या, “काका, करंट नाही लावला तर तुम्ही याल का?” विषय संपला. पंधरा मिनिटं दुखायचं थांबतं, तेवढ्यात त्या हात वर नेऊन घेतात, कोपर ताणतात, हळूच अर्ध्या किलोचं वजन हातात देतात. वसुलीवाला गेटाबाहेर आहे तोवर आत काम उरकून घ्यायचं. मशीन हे आमिष आहे आणि आम्ही सगळे रोज दहा किलोमीटर वाहतुकीतून येऊन ते गिळतो.

आजींचं प्रकरण याहून सोपं होतं. मॅडम त्यांना म्हणाल्या, “आजी, तुमच्या गुडघ्याला चालणं हेच औषध आहे.” आजींनी विचारलं, “मग वारीत मी काय करते? अन् मग ह्या वायरी कशाला?” दवाखान्यात इतका नेमका प्रश्न आजवर कुणी विचारला नव्हता. मॅडमनी वायरी काढल्या, आजींना खुर्चीतून हात न टेकता उठायला लावलं. आजी उठल्या, बसल्या, उठल्या, आणि चौथ्या खेपेला म्हणाल्या, “लाव बाई तुझं करंट.”

व्यायामाचा कागद सगळ्यांना मिळतो. काड्यांच्या माणसाची चित्रं, खाली ‘दिवसातून तीन वेळा, दहा-दहा’. कागद घरी नेला की फ्रिजवर चिकटतो, वर आंब्याच्या आकाराचं चुंबक बसतं, आणि काड्यांचा माणूस तिथं एकटाच व्यायाम करत राहतो. आमचा प्रेस ऑपरेटर एकदा म्हणाला, “दिवसभर खांदा हलवतोच की कंपनीत, आणखी कशाला?” मॅडम म्हणाल्या, “एकच हालचाल हजार वेळा, हा व्यायाम नाही, प्रॉडक्शन आहे.” त्याला हे पटलं. त्यानं दुखण्याचा आकडा आठावरून साडेसातावर आणला.

चहाचं एक सांगायचं राहिलं. १९९५ साली कॅनडातल्या संशोधकांनी पाहिलं, की २०० मिलिग्रॅम कॅफीन घेतलं तर टेन्सचा आराम कमी होतो. हे कळल्यावर दवाखान्यासमोरच्या टपरीवाल्याचा चेहरा उतरला होता. पण एवढं कॅफीन एका कटिंगमध्ये नसतं, हे मी त्याला स्वतः समजावलं आणि एक कटिंग घेतली.

हल्ली नवं खूळ आलंय. पुण्यातला भाचा पाय ठेवायची एक चटई ऑनलाइन पाठवतो. तिच्यावर उभं राहिलं की तळव्यांत करंट येतो. तो स्क्रिबोनियसचाच मासा, फक्त आता परत करायची सात दिवसांची मुदत मिळते. चटई पाठवण्याबद्दल तक्रार नाही. तक्रार एवढीच, की सोबत आलेल्या बारीक अक्षरातल्या सूचना कुणी वाचत नाही. म्हणून इथं मोठ्या अक्षरात सांगतो. छातीत पेसमेकर असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय करंट नको. गरोदरपणात पोटाकमरेला नको. फिट येत असतील तर आधी सांगा. गळ्याच्या पुढच्या बाजूला, जखमेवर, गाठीवर पॅड लावू नका. मधुमेहानं ज्यांच्या पायांची जाणीव कमी झाली आहे त्यांनी तर विशेष जपा. मुंग्या जाणवत नाहीत म्हणून बटण वाढवत नेलं तर कातडी भाजते आणि तेही कळत नाही. दुखणं नवं असेल, रात्री झोपेतून उठवत असेल, हाता-पायाची ताकद जात असेल, तर चटई बाजूला ठेवा आणि डॉक्टरांकडे जा.

बाकीच्यांनी खुशाल करंट घ्यावा. फक्त मशीनची बीप वाजली की उठावं आणि दाराच्या कडीला लावलेला तो पट्टा ओढावा. झोपून राहू नये. बाहेर रांग आहे आणि तिच्यात पुढचा नंबर माझा आहे.